मार खाणाऱ्याची खूण

आमच्या ह्याला पडद्यावर किती वेळा मारलाय, त्याची गणती देवालाही लागायची नाही. गोळ्या घालून मारलाय, कड्यावरून ढकललाय. एकदा गोणीत घालून पाण्यात सोडला आणि गोणीचं तोंड इतकं घट्ट बांधलं, की मी काठावरून बोंब ठोकली तेव्हा कुठे लोक धावले. असा मरून मरून संसार केलेला माणूस. नावानं तुम्ही ओळखणार नाही, चेहऱ्यानं ओळखाल. रस्त्यात लोक थबकतात, "अहो, तुम्ही ते... ते हे ना?" म्हणतात. हा मान डोलावतो, तेही खूश होऊन जातात. युनिटमध्ये सगळे त्याला खडक म्हणतात, आणि घरात मीही तेच म्हणते.

खडक आधी लाकडाच्या वखारीत ओंडके उचलायचा. तिथंच एक ओंडका घसरून तोंडावर आला, नाक मोडलं, हनुवटीला खाच पडली. डॉक्टरनं टाके घातले तेही असे, की मी तिथे असते तर उसवून पुन्हा शिवले असते. पुढे त्या वखारीत सिनेमाचं शूटिंग आलं. दिग्दर्शकानं हे थोबाड पाहिलं आणि विचारलं, "मारामारी येते का रे?" हा म्हणाला, "मार खाता येतो." सगळे हसले, पण त्याला घेतलं. त्या दिवसापासून ओंडके सुटले आणि ठोसे सुरू झाले.

आता मी कुठून आले ते सांगते. मी कपडेपटातली शिंपीण. मारामारीच्या प्रसंगाला एकाच माणसाचे एकसारखे चार शर्ट लागतात. एक स्वच्छ, एक मळका, एक फाटायचा आणि एक रक्ताळलेला. फाटायचा असतो तो मुद्दाम कच्च्या टाक्यांनी शिवायचा, म्हणजे जरा ओढलं की टरकन जातो. या गृहस्थानं काय करावं? फाटायचा शर्ट राहिला खुंटीवर, ह्यानं घातला स्वच्छ, पक्क्या शिलाईचा, आणि नुसत्या ताकदीनं फाडला. माझ्या सकाळभरच्या मेहनतीचे दोन तुकडे! मी तणतणत सेटवर गेले आणि असा पाय आपटला, की प्लायवूडची ती खोटी जमीन दणाणली. हा पाठमोरा उभा होता. न वळताच म्हणाला, "मेलो. शर्टवाली आली."

संध्याकाळी तो तुकडे घेऊन माझ्यापुढे येऊन बसला आणि म्हणाला, "दाखव, मी शिवतो." एवढा मोठा पंजा आणि त्यात सुई! बोटं टोचून घेतली, पण बाही जोडली. जोडली ती उलटी, ही गोष्ट वेगळी. लग्नाचं मीच विचारलं. त्याच्या भरवशावर राहिले असते तर अजून बाह्याच जोडत बसलो असतो.

लोकांना वाटतं, मारामारीत मारणारा हुशार. अहो, कसलं काय! मारणारा नुसता हवेत हात फिरवतो. ठोसा लागला असं वाटायला लावतो तो मार खाणारा. मान कधी झटकायची, पाय कधी उचलायचे, टेबलावर कुठे पडायचं, सगळं त्याच्या हातात. आणि खडकाचा एक नियम होता. मार खाणाऱ्यानं खूण दिल्याशिवाय मारणाऱ्यानं हात उचलायचा नाही. खूण म्हणजे टाच. तो जमिनीवर टाच ठोकायचा, प्लायवूडमधून ती समोरच्याच्या तळव्याला कळायची आणि मगच ठोसा सुटायचा. मोठमोठे नायक यायचे, "मला खूण-बिण लागत नाही" म्हणायचे. खडक शांतपणे म्हणायचा, "तुम्हाला नाही लागत, साहेब. माझ्या दातांना लागते." त्याच्या हातून कधी कुणाला साधा ओरखडा आला नाही. ही माझी फुशारकी समजा हवं तर. नवऱ्याची फुशारकी मी नाही मारायची तर कुणी?

बढत्याही मिळाल्या. गर्दीतल्या गुंडाचा खलनायकाचा उजवा हात झाला, म्हणजे पहिल्या अर्ध्या तासाऐवजी मध्यंतरानंतर मरायला लागला. मग टीव्ही आला. त्यात हा बरीच वर्षं हवालदार होता. दार उघडायचं, "साहेब, आरोपी पळाला" म्हणायचं आणि दार लावायचं. आमची मुलगी लहानपणी वैतागायची. "बाबा, तुम्ही आरोपीला एकदा तरी पकडा ना हो!"

एका सिनेमात पिंपांचा स्फोट होता. तो ठरल्याआधीच झाला आणि खडक पिंपाशेजारी उभा होता. भाजलं नाही, काही नाही, उठून कपडे झटकले. पण डाव्या कानात शिट्टी वाजायला लागली ती थांबली नाही, आणि काही वर्षांनी शिट्टीही गेली आणि कानही गेला. मग उजवाही हळूहळू मागे पडायला लागला. घरात टीव्हीचा आवाज एवढा मोठा, की शेजारीण म्हणायची, "आमचा लावायची गरजच उरली नाही." मुलीनं कानाचं यंत्र आणून दिलं. ह्यानं ते कपाटात ठेवलं. "दांडगटाच्या कानात यंत्र कुणी बघितलंय? ते दिसलं की काम संपलं."

आणि नेमकं तेव्हाच काम सुरू झालं होतं हो! जन्मात पहिल्यांदा बोलायचं काम. रोजच्या मालिकेत ट्रकवाल्या बापाची भूमिका, आणि तिथला कपडेपटही माझ्याकडेच. मारायचं नाही, मरायचं नाही, पानंच्या पानं बोलायचं. पहिल्या दिवशी संवादांचे कागद उशाशी घेऊन झोपला हा. त्याच्या मनात एकच भीती होती, कान कळले तर हे काम जाईल. पुन्हा दार उघडा आणि मरा.

म्हणून त्यानं शक्कल काढली. आपले संवाद तर पाठ करायचाच, समोरच्याचेही करायचा, आणि बोलणाऱ्याच्या ओठांवरून नजर काढायचा नाही. समोर दाढीवाला आला की मात्र पंचाईत. एका नटाला तर मीच पटवलं, "तुम्ही मिशा कमी करा, तरुण दिसाल." त्यानं केल्या बिचाऱ्यानं. दिसला नाही तरुण, पण आमचं भागलं.

मग मालिकेत तो प्रसंग आला. भांडून गेलेली मुलगी घरी परतते. बाप पाठ फिरवून खिडकीकडे तोंड करून उभा आहे. ती मागून बोलत राहते, तो हलत नाही. ती म्हणते, "बाबा, मी भेटायला नाही, राहायला आलेय," आणि त्या वाक्याला तो वळतो. सगळं एका दमात घ्यायचं. आता पाठ फिरवल्यावर ओठ कुठून दिसणार? मी म्हटलं, "मी खिडकीबाहेर लपते, हात हलवते." तो म्हणाला, "खिडकीबाहेर दिवे आहेत, भाजून निघशील."

पहिल्या खेपेला तो अंदाजानं वळला. मुलीचं निम्मंही बोलून झालं नव्हतं. दिग्दर्शिका वयानं आमच्या मुलीएवढी, तरी सगळे तिला मॅडम म्हणतात. ती म्हणाली, "काका, घाई झाली." दुसऱ्या खेपेला वाक्य येऊन गेलं आणि हा ढिम्म. मॅडम "कट" म्हणाल्या, तरी ढिम्म. पुन्हा "कट!" हा आपला खिडकीतून बघतोय. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हातारा उभ्या उभ्या झोपला वाटतं," आणि सगळे खिदळले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पुढे होणार, तेवढ्यात त्याला काहीतरी जाणवलं आणि तो वळला. सगळ्यांचे हसरे चेहरे पाहिले. माझा पाहिला. आणि सरळ उभा राहून म्हणाला, "मॅडम, मला ऐकू येत नाही. डावा कान गेलाय, उजवा जायच्या वाटेवर आहे. मी लपवलं. काम जाईल म्हणून लपवलं."

 निर्मात्याचा माणूस लगेच फोन काढून बाजूला गेला. मॅडम म्हणाल्या, "मग इतके महिने कसं केलंत?"

"ओठ वाचून."

"म्हणून एवढं टक लावून बघता? मला वाटायचं अभिनय आहे!"

"अभिनयच आहे तो!" मी ओरडले. मला कुणी विचारलं नव्हतं, पण मी ओरडले.

निर्मात्याचा माणूस परत आला आणि हळूच म्हणाला, "दुसऱ्या कुणाला बघायचं का?" त्याचे ओठ खडकानं वाचलेच. तो म्हणाला, "बघा. पण आधी हा प्रसंग मला एकदा द्या. जन्मभर खुणेवर काम केलंय मी. या पोरीनं त्या वाक्याला फक्त एक पाऊल जोरात पुढे टाकावं. जमीन प्लायवूडची आहे, मला तळव्याला कळेल. नाही जमलं, तर मी स्वतः कपडे बदलून घरी जातो." आवाजात आर्जव नव्हतं. ठोसा कुठे मारायचा हे सांगायचा ना, तसं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "चपला काढा, काका. घेऊ या."

अनवाणी खडक खिडकीशी उभा राहिला. मी कडेच्या अंधारात, हातात त्याचा दुसरा शर्ट. पोरगी बोलायला लागली, आणि काय बोलली! बोलता बोलता खरंच रडायला लागली. वाक्य आलं, "बाबा, मी भेटायला नाही, राहायला आलेय," आणि रडण्याच्या भरात ती पाऊल टाकायचंच विसरली! नुसती उभी. तिकडे खडक उभा. निर्मात्याच्या माणसाचा हात पुन्हा फोनकडे गेला. अगं बये, टाक ना पाऊल! माझा जीव टांगणीला लागला, मग राग आला, पोरीचा, फोनचा, त्या पिंपांचा, सगळ्यांचा. आणि मी पाय आपटला.

खडक वळला.

त्याची नजर आधी पोरीच्या खांद्यावरून अंधारात गेली, सरळ माझ्याकडे. मग सावकाश तिच्यावर आली. ते मोडकं नाक, ती हनुवटी, सगळं थोबाड थरथरलं. त्यानं हात पुढे केले आणि पोरगी धावत जाऊन त्याला बिलगली. "कट" कितीतरी वेळानं आलं. आवाजवाला कुरकुरला, "मध्ये धप्प असा आवाज आलाय." मॅडम डोळे पुसत म्हणाल्या, "राहू दे. वाटेल शेजारी दार आपटलं." निर्मात्याच्या माणसानं फोन खिशात घातला. मॅडमनी तिथंच ठरवून टाकलं, उद्यापासून मालिकेतल्या बापालाही कानाचं यंत्र असेल. आता हा ते ऐटीत लावून फिरतो आणि शेजारणीला स्वतःचा टीव्ही लावावा लागतो.

त्या दिवशी शर्ट बदलायला तो कपडेपटात आला, तेव्हा मी त्याच्या तोंडासमोर जाऊन सावकाश विचारलं, "पाऊल पोरीचं ठरलं होतं. मग तू आधी माझ्याकडे का बघितलंस?"

"पोरीचं पाऊल होतं कुठे?" तो बटणं काढत म्हणाला. "तुझं होतं. पहिल्यांदा कळलं तेव्हाही माझी पाठच होती. कान काय, दोन्ही जाऊ देत. हा पाय मला कळायचा थांबणार नाही."

 मग मी नेहमी जे करते तेच केलं, पाय आपटला. तो अनवाणीच होता. हसला.