परक्या हाताची टीप

आमच्या मोठ्या जाऊबाईंना सगळी गल्ली टेपबाई म्हणते. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नाही, पाठीमागे मात्र सर्रास. खिडकीशी शिवणयंत्र, गळ्यात टेप, दातात टाचणी आणि डोळे रस्त्यावर. दुकानातून आणलेलं कापड त्या घरी येऊन पुन्हा मोजणार. मी माहेरून परत आले की मलाही नजरेनंच मोजणार आणि म्हणणार, "जाडी झालीस गं." बरं, ते खोटं नसायचं, म्हणून तर जास्त राग यायचा!

मोठे दीर अगदी उलट. छापखान्यात यंत्रावर काम करायचं, घरी येऊन जेवायचं आणि बायको खेकसली की गालातल्या गालात हसायचं. त्यांचे कपडे कधी बाहेर शिवले गेले नाहीत. "माझ्या माणसाच्या कपड्याला दुसऱ्याची सुई लागायची नाही," हा जाऊबाईंचा हट्ट.

आणि एके दिवशी इस्त्रीसाठी त्यांनी भावजींची पँट उलटी केली नि त्या तिथंच थबकल्या. कमरेची शिवण कुणीतरी उसवून आत घेतली होती. टीप संपली तिथं दोऱ्याला गाठ मारलेली. जाऊबाई गाठ मारत नाहीत, टीप उलटी फिरवून पक्की करतात. त्यांनी मला बोलावून दाखवलं. मला काय कळणार, मला सगळ्या टिपा सारख्याच! पण त्यांचा चेहरा बघून मी आपली मान हलवली.

भावजी जेवायला बसले तेव्हा त्यांनी विचारलं, "ही पँट कुणी शिवली?"

"तूच की. आणखी कोण शिवणार?"

झालं! इथंच माशी शिंकली. लपवण्यासारखं काही नसेल तर माणूस खोटं कशाला बोलेल? या वयात पँटी घट्ट करून घेतोय म्हणजे कुणासाठी तरी नटतोय. मग भावजींचं जेवण कमी झालं. जाऊबाई म्हणाल्या, "बाहेर कुणीतरी भरवतंय." ते खिडकीत एकटेच बसायला लागले. "तिची आठवण येत असेल." खोटं कशाला बोलू, मलाही पटत होतं. दोघी मिळून आम्ही त्यांच्या शर्टांचा वास घेतला. छापखान्याच्या शाईशिवाय कसला वास आला नाही, तर जाऊबाई म्हणतात कशा, "बघ, किती हुशार आहे ती!"

त्यांनी नवऱ्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायच्या, पण शब्द नाही, नजरसुद्धा नाही. अंथरूण बाहेरच्या खोलीत घातलं. एरवी घर डोक्यावर घेणारी बाई महिनोन् महिने मुकी झाली, आणि त्या शांततेनं माझ्याच अंगावर काटा यायचा.

भावजी छापखान्यात रक्ताची उलटी होऊन कोसळले, तेव्हाही त्या दवाखान्यात आल्या त्या गळ्यात टेप तशीच ठेवून, दगडासारख्या. डॉक्टर म्हणाले, पोटात गाठ आहे, आजच ऑपरेशन करावं लागेल, खात्री देता येत नाही. आमचे हे रक्ताची सोय करायला खाली धावले. आम्ही दोघी बाकावर. समोरच्या दारातून नर्स बाहेर आली.

"थोड्या वेळात नेतोय त्यांना. भेटून घ्या. एकानंच जायचं."

"तू जा," जाऊबाई मला म्हणाल्या.

"अहो, मी काय बायको आहे त्यांची?"

"मग जी असेल तिला पाठव."

आता काय म्हणावं! माणूस मरणाच्या दारात आणि हिचं आपलं तेच. मला इतका संताप आला की मी तोंड फिरवून बसले. म्हणून ती बाई मला आधी दिसली. जाऊबाईंच्याच वयाची, नीटनेटकी, केस चापून बसवलेले, हातात कापडी पिशवी. दारांवरचे नंबर वाचत वाचत आमच्यापाशी आली.

"छापखान्यातले ते इथंच आहेत ना? कसे आहेत?"

जाऊबाईंनी तिला डोक्यापासून पायापर्यंत मोजलं. "तुम्ही कोण?"

"मी छापखान्याच्या मागच्या गल्लीत असते. त्यांची पँट राहिली होती माझ्याकडे."

बाई गं! सलाइनचा खांब ढकलत चाललेले एक आजोबा जागच्या जागी उभे राहिले. जाऊबाई उठल्या, तिच्या हातातली पिशवी हिसकावून घेतली, पँट बाहेर काढून भर कॉरिडॉरमध्ये उलटी केली.

"हीच ती गाठ! कधीपासून चाललंय हे?"

"उन्हाळ्यापासून," ती बाई गोंधळून म्हणाली. "चार वेळा."

"ऐकलंस गं? चार वेळा म्हणे! वर तोंड करून सांगतेय!"

"चार वेळा कमर आत घेतली, ताई. मी अल्टरचं काम करते. दर खेपेला दोन-दोन बोटं. मी शेवटी म्हटलं, अहो, मला पँट कसली दाखवता, डॉक्टरला पोट दाखवा."

माझा नाही विश्वास बसला. असल्या गोष्टी रचायला काय लागतं? पण जाऊबाईंनी गळ्यातली टेप ओढली आणि त्या पँटीच्या कमरेला लावली. पुन्हा लावली.

"ही कमर त्यांची नाही," त्या म्हणाल्या.

"त्यांचीच आहे, ताई."

जाऊबाई मटकन खाली बसल्या. "मग मला का नाही सांगितलं?"

"मीही हेच विचारलं. म्हणाले, तिनं टेप लावली की मी पकडला जाईन. मी म्हटलं, बायको भलताच संशय घेईल. तर हसले. म्हणाले, घेऊ दे. संशय आला तर ती भांडेल, आजार कळला तर रडेल. भांडलेली परवडली." तिनं खाली पडलेली पिशवी उचलली. "पण मागच्या खेपेला म्हणाले, ती भांडतच नाहीये हो. गप्पच बसलीये."

पुरुषांची जातच मेली अशी! स्वतः डॉक्टरला घाबरायचं आणि नाव बायकोच्या रडण्याचं. मला दोघांनाही धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं. तेवढ्यात नर्सनं दार उघडलं. "कुणी येतंय का आत? नेतोय आम्ही."

जाऊबाईंचे डोळे काठोकाठ भरले होते. त्यांनी ते पदरानं खसाखसा पुसले आणि आत गेल्या. मग एकदम कडकडाट झाला.

"लाज नाही वाटत? घरात शिवणारी असताना बाहेर गाठी मारून आणता? आणि कसली ती टीप! गुरं तरी बांधवतात का त्या दोऱ्यानं?"

नर्स घाबरून आत पळाली. मी बाहेर रडत होते आणि मला हसूही येत होतं.

भावजींना बाहेर आणलं तेव्हा त्यांच्या नाकातोंडावर मास्क होता. बोलता येत नव्हतं, पण डोळे मिचकावत ते बायकोकडे बघत होते. जाऊबाई त्यांचा हात धरून ढकलगाडीबरोबर जवळजवळ पळत होत्या आणि तोंडाचा पट्टा सुरूच होता. "बरे होऊन या, मग बघते तुमच्याकडे. बाहेरच्या खोलीत झोपायचं आता विसरा. आणि जेवण टाकलंत ना ताटात, तर याद राखा..."

आतल्या माणसांनी त्यांचा हात सोडवला. ऑपरेशनचं दार लागलं. बंद दाराला त्यांनी आणखी दोन वाक्यं सुनावली, न जाणो आत ऐकू जात असेल तर. मग आत ऐकू जाणार नाही अशी खात्री झाल्यावर त्या माझ्या गळ्यात पडून रडल्या.