शंकेचे फोटो ताईच्या वाट्याला

माझ्या थोरल्या बहिणीवर अन्याय झाला. गेल्या मंगळवारी, वाळूजच्या कारखान्यात, सकाळची पाळी सुटायच्या वेळेला. सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला, "बाई, आधी तासात ढीग उपसायच्या. आता झोपा काढता का? उद्यापासून येऊ नका."

ताई झोपत नव्हती. काय करत होती ते सांगतो, कारण ते काम मला मनापासून आवडलंय.

तिच्यासमोर कास्टिंगचे, म्हणजे ओतीव लोखंडी भागांचे, फोटो यायचे. तडा दिसला तर 'खराब', नाही तर 'ठीक', असं लेबल द्यायचं. त्यावरून तडा ओळखायला मशीन शिकणार. आधी सरसकट सगळे फोटो माणसांनीच बघायचे, डोळे चुरचुरेपर्यंत. मग एका तरुण इंजिनिअरनं पद्धत बदलली. मशीनला थोड्या फोटोंवर शिकवलं आणि पुढची निवड त्यालाच करू दिली: खात्री आहे ते सोड, अडतंय तेवढंच विचार. मी युनियनची पत्रकं वाटणारा माणूस. कारखान्यात नवं काही आलं की आधी संशय घेतो. पण ह्याला मानलं. न कळलेलं विचारणारं मशीन! आमच्या कितीतरी पुढाऱ्यांना हे जमत नाही.

आईला सांगितलं तर ती हसली. "ह्यात लई नवं नाय." विद्यापीठाच्या नामांतराच्या चळवळीत ती गावोगाव फिरायची. पत्रकं थोडी, पाय दोनच. जी घरं आपलीच होती तिथं ती थांबायची नाही, शिव्या घालणाऱ्यांकडंही नाही. पिशोरकडं मेंढ्या राखणाऱ्या एका कुटुंबाच्या ओट्यावर मात्र अख्खी दुपार बसली. तिथला म्हातारा ना हो म्हणत होता, ना नाही. परतल्यावर कार्यकर्ते उखडले, "एवढ्या वेळात एकच घर, अक्का? चहा लई आवडला वाटतं!"

"व्हय, आवडला. आणि त्यांचं कुठं अडतंय ते कळलं. आता त्या अख्ख्या आळीत काय बोलायचं ते ठाऊक हाय."

ताईचंही तेच. सोपे फोटो मशीन उरकतं, तिच्यापुढं येतात ते शंकेचे. सावली की तडा? फोटो मोठा करा, उजेड वाढवा, शेजारणीला दाखवा. वेळ जाणारच. सुपरवायझर मात्र जुन्याच हिशेबानं तासाला किती झाले तेवढं बघत राहिला.

"भाऊ, मऊ भात मशीन खातं, खडे तेवढे आमच्या ताटात. मग वेळ लागंल का नाय?" ताई त्याला म्हणाली होती.

"भाषण नको. बटण दाबा."

तिनं अंदाजानं बटण दाबलं नाही. चुकीचं शिकलेलं मशीन तडा गेलेला भाग पुढं सोडील आणि तो कुणाच्या तरी मोटरसायकलला बसेल, हे तिला दिसत होतं. मला तिचा अभिमान वाटतो, म्हणूनच राग आवरत नाही.

इंजिनिअरला गेटवर गाठलं. "वेग कमी होणारच," तो म्हणाला. "पद्धत नीट चालतेय, त्याचीच ही खूण."

"मग हे सुपरवायझरला सांगा."

त्यानं गेटवर कार्ड दाखवलं आणि आत निघून गेला.

ताई अजून घरीच आहे. तिच्या खुर्चीसाठी माणूस शोधताहेत, कदाचित तुम्हालाच बोलावतील. बसू नका. आधी विचारा, शंकेच्या फोटोला वेळ देणार का? आणि जिनं तो दिला, तिला परत घेणार का?