बकुळा गमरे आणि छातीवर गोळी घेणारे साहेब

बकुळा गमरे फणसवाडीतल्या एका खासगी प्रसूतिगृहात नर्स होती. वय एकतीस, लग्न केलेलं नाही, राहायला लोअर परळला गिरणीच्या चाळीत आईपाशी. अकरा वर्षांत हजारावर बाळंतपणं तिच्या हातून झाली होती. कळा सोसणाऱ्या बायकांचं तिला फार कौतुक. बाहेर बाकावर बसून कण्हणाऱ्या नवऱ्यांचा मात्र मनस्वी तिटकारा.

हेरंबराव खोपकर वकिलांना तिने पहिल्यांदा पाहिलं ते चाळीमागच्या मैदानात, पंचावन्न सालच्या डिसेंबरात. विरोधी पक्षाचे आमदार. मुंबई महाराष्ट्राला मिळते की नाही, यावरून सगळं गिरणगाव पेटलेलं. हेरंबरावांनी कोटाची बटणं सोडली, सदरा ताणला आणि गरजले, "मुंबईसाठी पहिली गोळी सुटेल ती या छातीवर!" माणसं वेडी झाली. बकुळाच्या शेजारच्या खोलीत राहणारा भिवा कासारे तर टाळ्या वाजवून वाजवून लाल झालेले हात चोळत घरी आला. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर काम करणारा, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात नसलेला माणूस.

"बकुळाबाय, बघितलास काय? वाघ हाय वाघ!"

"पोट दिसलं, भिवादादा," बकुळा म्हणाली. "छाती काय दिसली नाही."

भिवाची बायको मीराबाई हसली. भिवा रुसला आणि दोन दिवस बकुळाशी बोलला नाही.

जानेवारीच्या पंधरा तारखेला, रविवारी संध्याकाळी, प्रसूतिगृहापुढे टॅक्सी थांबली. आतून दोन उशा, एक होल्डॉल आणि हेरंबराव खोपकर उतरले. प्रसूतिगृहाचे मालक डॉक्टर शामराव त्यांचे शाळेपासूनचे मित्र. त्यांनी बकुळाला बाजूला घेतलं. "सिस्टर, तीन नंबरची खोली साहेबांना द्या. रक्तदाब आहे. रजिस्टरात नाव एच. रमाकांत लिहा." रजिस्टरात रकाना होता 'बाळंतिणीचे नाव'. बकुळाने त्यातच एच. रमाकांत लिहिलं.

कारण दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. पहाटे पोलिसांनी चळवळीचे पुढारी घरांतून उचलले होते. ते बिचारे अंगावरच्या कपड्यांनिशी तुरुंगात गेले. धरपकडीची कुणकुण हेरंबरावांना मात्र आधीच लागली होती. त्याच रात्री रेडिओवर सांगितलं गेलं की मुंबई केंद्राच्या ताब्यात राहणार, आणि शहर रस्त्यावर आलं. मग लाठ्या, मग गोळ्या, मग संचारबंदी. बकुळाला घरी जाता येईना. चार दिवस ती प्रसूतिगृहातच अडकली. बायका हातगाडीवरून येत होत्या. एक तर जिन्यातच मोकळी झाली.

आणि तीन नंबरमध्ये साहेब डाळिंबाचे दाणे खात बसले होते. रोज तीनदा त्यांचा ताप बघायचा, तक्त्यावर लिहायचा, असा डॉक्टरांचा हुकूम. पारा कधी साडेअठ्ठ्याण्णवच्या वर गेला नाही. रक्तदाब तर बकुळापेक्षा चांगला. एकटे असले की साहेब तिच्या हातून पाणी घेत. घरून डबा घेऊन मंडळी आली की म्हणत, "तांब्या तिकडेच ठेव." समतेवरचं त्यांचं भाषण बकुळाने ऐकलेलं होतं.

"सिस्टर, हे मूल किती रडतं! जरा बघा ना, डोकं ठणकतंय."

"आत्ताच जन्मलंय साहेब. त्याला अजून गप्प बसणं जमत नाही."

फोन त्यांच्या उशाशी ओढून आणला होता. "आज किती गेले?" ते विचारायचे. पलीकडून आकडा यायचा. "बरं, मग पत्रकात जास्तच टाक." त्यानंतर 'अज्ञात स्थळाहून' जनतेला आवाहन जायचं की मागे हटू नका. एकदा बकुळाच्या तोंडावरचा भाव त्यांनी टिपला असावा. थर्मामीटर तोंडातून काढून ते स्वतःहून म्हणाले, "तुला कळायचं नाही हे. सत्ताधाऱ्यांना जाब विचारायला कुणीतरी शिल्लक राहायला हवं. मी पडलो तर सभागृहात प्रश्न कोण विचारणार?"

या बोलण्यावर बकुळाने खरंच विचार केला. म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. ठीक आहे, प्रश्न तरी विचारू देत, असं तिने मनाशी म्हटलं.

संचारबंदी दोन तास उठली तेव्हा ती घरी धावली. मीराबाई दारात बसली होती आणि भोवती बायका. आदल्या दिवशी परळात थोडा वेळ संचारबंदी उठली तेव्हा भिवा घासलेट आणायला गेला होता. नाक्यावर पळापळ झाली, गोळी सुटली. प्रेतसुद्धा घरी आणू दिलं नव्हतं. पोलिसांच्या यादीत त्याच्या नावापुढे लिहिलं होतं, दगडफेक करणारा.

"ह्यांनी उभ्या जन्मात कुत्र्याला खडा मारला नाय," मीराबाई म्हणत होती. रडून झालं होतं, नुसती बोलत होती. दुसऱ्याच दिवशी गिरणीचा माणूस आला. दंगलखोराच्या घरच्यांना गिरणीची खोली ठेवता येणार नाही, महिनाअखेर रिकामी करा.

बकुळाने साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं, "भिवा कासारे, लोअर परळ. मी सभागृहात विचारतो." बाहेर निवळल्यावर ते घरी गेले तेव्हा जिन्यापासून टॅक्सीपर्यंत हार होते. वर्तमानपत्रात आलं, 'मृत्यूशी झुंज देऊन परतले.'

पुढच्या पंधरवड्यात ते सांत्वनाला चाळीत आले, फोटोवाल्याला घेऊन. मीराबाईपुढे हात जोडून म्हणाले, "मी तापाने फणफणत होतो हो, नाहीतर भिवाच्या पुढे मी असतो."

"साडेअठ्ठ्याण्णव," बकुळा गर्दीतून म्हणाली. "सात दिवस, रोज तीनदा. तक्ता मी लिहिलाय. बाळंतिणींच्या खोलीत होते हे."

कुणी हसलं नाही. उलट चाळीतलेच बाप्ये तिच्यावर धावले. आपल्याच माणसाला पाडतेस, फितूर झालीस काय? साहेबांनी हात वर करून त्यांना शांत केलं आणि क्षमाशील चेहरा केला. त्याचाही फोटो निघाला. तिसऱ्या दिवशी डॉक्टर शामरावांनी तिला नोकरीवरून काढलं. तिला त्याचं वाईट वाटलं. पण चाळीने साहेबांवर ठेवलेल्या विश्वासाचं जास्त वाटलं. आपल्याच माणसांची इतकी चीड तिला आधी कधी आली नव्हती.

मार्चमध्ये सभागृह भरलं. बकुळा मीराबाईला घेऊन गॅलरीत जाऊन बसली. साहेब उठले. तासभर बोलले, झकास बोलले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "लोअर परळचा भिवा कासारे! हातात दगड, उघडी छाती, आणि समोर बंदुका!" बाकं वाजली.

मीराबाईने बकुळाचं मनगट धरलं. "हा काय म्हणतोय? घासलेटाचा डबा होता हातात."

साहेबांना घासलेट आणायला गेलेला माणूस नको होता, हुतात्मा हवा होता. दुसऱ्या दिवशी गिरणीच्या माणसाने वर्तमानपत्र मीराबाईपुढे आपटलं. "तुमचाच आमदार म्हणतो, दगड होता."

बकुळा साहेबांच्या गिरगावातल्या घरी गेली. ते पान लावत होते. "अगं, मी त्याला अमर केलं," ते म्हणाले. "खोलीचं काय घेऊन बसलीस?"

ती जिना उतरली. बोलायच्या लायकीचाही तो माणूस तिला वाटला नाही.

मग जाब विचारायचं काम तिनेच घेतलं. घासलेटच्या दुकानदाराला गाठलं. तो घाबरत होता; भिवा डबा घेऊन दुकानापुढे रांगेत होता, या जबाबावर त्याने तिसऱ्या खेपेला सही दिली. भिवाचं प्रेत नेलं होतं त्या इस्पितळात तिच्याबरोबर शिकलेली कालिंदी नावाची नर्स होती. तिच्या मदतीने अर्ज करून शवतपासणीच्या कागदाची नक्कल मिळवली. गोळी पाठीतून शिरलेली. अंगावरच्या वस्तूंत लिहिलेलं, रिकामा पत्र्याचा डबा एक. हे कागद घेऊन ती आणि मीराबाई पोलीस कचेरीत नऊ वेळा गेल्या. "उद्या या." "साहेब नाहीत." "तुम्ही कोण लागता?" दहाव्या वेळी एका म्हाताऱ्या अंमलदाराने चष्मा लावून कागद वाचले, बराच वेळ डब्याच्या ओळीवर बोट ठेवून बसला, आणि शेरा लिहायला घेतला. ऑगस्टमध्ये भिवाचं नाव यादीतून निघालं. बेदखलीची नोटीस त्याआधी दोनदा लागली होती, पण मीराबाई हलली नव्हती. खोली राहिली. बकुळाला परळच्या एका प्रसूतिगृहात काम मिळालं.

सत्तावन्नच्या निवडणुकीत हेरंबराव चळवळीच्या समितीकडून उभे राहिले. पत्रकावर भिवाचं नाव होतं. मीराबाई आणि बकुळा मतदानाला बरोबरच गेल्या. बाहेर आल्यावर मीराबाईने हळूच विचारलं, "चिठ्ठी कुणाच्या पेटीत घातलीस गो?"

"त्याच्याच," बकुळा म्हणाली. "मुंबई हवी ना आपल्याला. दुसरा होता कोण?"

"मी पण."

दोघी रस्त्याला लागल्या. मग गटाराच्या कडेला थांबून बकुळा थुंकली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "चल, मला दोनची पाळी आहे."