वरचं शीर्षक चुकीचं आहे

माझ्या धाकट्या नणंदेला घरात सगळे भिंगरी म्हणतात. दात घासता घासता ती सगळ्या खोल्या फिरून येते. त्या महिन्यात तर तिने आम्हालाही फिरवलं, कारण तिला विज्ञान परिषदेत पोस्टर लावायचं होतं आणि ते काही केल्या पुरं होत नव्हतं.

या संशोधक लोकांची एक रीत मला कधीच पटली नाही. परिषदेला आधी गोषवारा पाठवायचा, म्हणजे आपण काय शोधलं ते थोडक्यात लिहून द्यायचं. पण तो मागतात इतक्या लवकर, की प्रयोग अजून कुंडीतच असतो. मग ही मंडळी 'दिसून येईल' असं वाटतं तिथे 'दिसून आले' लिहून मोकळी होतात. बाजारात तुरी! भिंगरीनेही लिहिलं होतं, की एका जिवाणूच्या पाण्यात बी भिजवलं तर खाऱ्या मातीतही रोपं जोमाने वाढतात. पहिल्या खेपेला वाढलीही होती. गोषवारा पुस्तिकेत छापून आला आणि एका मोठ्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी कळवलं, "पोस्टर बघायला येते. आमच्याकडे एक जागा आहे." भिंगरीची इथली नोकरी वर्षावर्षाच्या बोलीवर. ती जागा कायमची होती.

पोस्टरसाठी फोटो निवडायला तिने जेवणाच्या टेबलावरच लॅपटॉप उघडला, आणि हातातला घास हातातच राहिला.

"वहिनी, सावल्या बघ."

मला नुसत्या कुंड्या दिसल्या. तिला दिसलं, की जिवाणूवाल्या सगळ्या कुंड्या खिडकीशी होत्या आणि साध्या कुंड्या त्यांच्यामागे. मग तिने पुन्हा बी लावलं आणि सुट्टीच्या दिवशीही जाऊन कुंड्यांच्या जागा बदलत राहिली. फरक उडाला. जिवाणू बिचारा काहीच करत नव्हता.

तिचे सर म्हणाले, "झाकली मूठ सव्वा लाखाची. पहिलेच फोटो लाव. दुसऱ्या खेपेचं पुढच्या वर्षी बघू."

घरी येऊन तिच्या येरझाऱ्या सुरू. "मी खोटं कुठे बोलतेय? पहिल्यांदा वाढलीच होती ना रोपं?" स्वयंपाकघरापर्यंत जाऊन परत आली. "उन्हाने वाढली होती."

मला सरांचा राग आला, आणि खरं सांगायचं तर तिचाही. कायमची नोकरी दारात येऊन उभी, आणि हिला सावल्या दिसाव्यात!

"लाव ना बाई जुनेच फोटो," मी म्हटलं. "कोण बघतंय एवढं?"

"त्या बघायलाच तर येतायत, वहिनी!"

परिषदेच्या नियमाने छापून आलेलं शीर्षक बदलता येत नाही. म्हणून तिने ते तसंच ठेवलं आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं, 'वरचं शीर्षक चुकीचं आहे. रोपं उन्हाने वाढली.' सर म्हणाले, मग माझं नाव काढ. तिने काढलं. पोस्टर छापणाऱ्याने मात्र फोन केला, "मॅडम, चुकीचं आहे म्हणता, मग बरोबर शीर्षक पाठवा ना!"

परिषदेला मी सोबत गेले, नाहीतर ती उभ्या जागी कोसळली असती. लोक येत, शीर्षक वाचत, खालची ओळ वाचत आणि हसून पुढे जात. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. भिंगरी पिना काढत होती, परत त्याच जागी टोचत होती.

अखेर त्या बाई आल्या. त्यांनी सगळं वाचलं, फोटोंपाशी वाकून बराच वेळ पाहिलं.

"जिवाणूवाल्या सगळ्याच कुंड्या खिडकीशी?"

"हो," भिंगरी म्हणाली. "मीच ठेवल्या होत्या. पाणी घालायला बरं पडायचं."

बाई वळल्या आणि फोन कानाला लावून खांबाशी गेल्या. गेली नोकरी, मी मनात म्हटलं. तेवढ्यात त्यांचा आवाज चढला. "अगं, आपल्या जिवाणूवाल्या कुंड्या कुठल्या बाजूला आहेत? जाऊन बघ... सगळ्या?"

परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. नोकरीचं विचारायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं.

"उद्या सकाळी माझं भाषण आहे," त्या म्हणाल्या. "याच जिवाणूवर."

भिंगरीने पोस्टरशेजारची आपली खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.