जीपमधली कडेची खुर्ची

"अगं, बिबट्याला कान असतात! तुझ्यासारखा आवाज त्यानं जन्मात ऐकला नसेल."

"मग बरंच आहे की. घरात कुणी ऐकत नाही, निदान तो तरी ऐकेल."

नवऱ्यानं हातातली खुर्ची धाडकन खाली ठेवली. घोषणाबाई नुकत्याच सकाळची पाळी संपवून आल्या होत्या. पर्स अजून खांद्यावरच होती. दिवाणखान्यातलं जेवणाचं टेबल भिंतीला लागलेलं होतं आणि त्याच्या सहा खुर्च्या एकामागे एक, दोन-दोनच्या ओळीत मांडलेल्या होत्या.

ही जंगल सफारीची जीप होती, चालकाची जागा सोडून. नवऱ्यानं उभा जन्म गोदामात माल चढवून घेण्यात घालवला होता, आणि तालमीशिवाय कुठलंही काम करायचं नाही हा त्याचा नेम होता. मुलाच्या लग्नात फोटोसाठी कोण कुठे उभं राहणार याचीसुद्धा त्यानं आदल्या दिवशी तालीम घेतली होती. व्याही अजून तो विषय काढतात.

पुढच्या दोन खुर्च्यांवर मुलगा आणि सून बसले होते. मधल्या ओळीत नात, आणि तिच्या शेजारची रिकामी खुर्ची नवऱ्याची. मागे वन्सं बसल्या होत्या, आणि त्यांच्या शेजारी, कडेच्या खुर्चीत, त्यांचे यजमान. भावोजींच्या गळ्यात नवीन कॅमेरा होता. त्याची लेन्स दुधीभोपळ्याएवढी.

"ती माझी जागा आहे," घोषणाबाई म्हणाल्या.

"वहिनी, मनाला लावून घेऊ नका," भावोजी म्हणाले. "पण जंगलात सगळा खेळ शांततेचा. तिथे भोंगा नेऊन कसं चालेल?"

वन्सं तोंडावर रुमाल धरून हसल्या. सून खाली बघायला लागली. "आई, आपण नंतर दोघी जाऊ ना कुठेतरी," ती म्हणाली.

हे कुठेतरी घोषणाबाईंना चांगलं माहीत होतं. ते कधीच येत नसतं.

बस स्थानकाच्या घोषणेच्या खोलीत त्या नोकरीला लागल्या तेव्हा हा मुलगा पोटात होता. खोली म्हणजे खोकंच, खिडकी नाही. समोर माईक, भिंतीवर घड्याळ. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते सांगायचं, हरवलेल्या पोरांच्या आया शोधायच्या, पाकीटमारांपासून सावध करायचं. रोज सकाळची पहिली घोषणा जंगलाकडे जाणाऱ्या गाडीची असायची. "प्रवाशांनी आपापल्या जागा घ्याव्यात." लोक घ्यायचे. दुर्बिणी गळ्यात अडकवून, टोप्या घालून जायचे. संध्याकाळी धुळीनं माखून, डोळे मोठे करून परत यायचे. यंदा जंगलात जायचा विषय त्यांनीच काढला होता. सगळ्यांचे मातकट रंगाचे कपडे त्यांनीच शोधून काढले होते. वन्संचा तो भडक पिवळा स्कार्फ बॅगेतून दोनदा बाहेर काढला होता.

"बरं, तुझा मान राखू आपण," नवरा समजुतीच्या सुरात म्हणाला. "तालमीत तू बिबट्या हो. आत जा आणि मग हळूच बाहेर ये. भावोजींना फोटोचा सराव होईल."

सगळ्यांना वाटलं आता भडका उडणार. घोषणाबाईंनी पर्स खुंटीला अडकवली. "बरं," म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरात गेल्या.

आत त्यांनी चहा टाकला. पातेलं वाजलं नाही, कपाला बशी लागली नाही. बस स्थानकाच्या माईकचं बटण कित्येक वर्षं बिघडलेलंच होतं. तो कायम चालू. आत शिंकलं तरी सगळ्या फलाटांवर ऐकू जायचं. एकदा साहेबांबद्दल त्या जे पुटपुटल्या होत्या ते साहेबांसकट सगळ्या प्रवाशांनी ऐकलं होतं. तेव्हापासून दोन घोषणांच्या मधला सगळा वेळ त्या दगडासारख्या बसायच्या. डबा खायच्या तोही न वाजवता. लोकांच्या लक्षात राहायचा तो फक्त आवाज.

बाहेर जीप निघाली होती.

"गप्प बसा आता," नवरा ओरडला.

वन्सं गप्प बसल्या आणि लगेच भावोजींच्या कानात कुजबुजल्या, "गॅस बंद केला होतात ना?" "तू केलास." "मी कशाला करीन?" मुलाचा फोन वाजला. त्यानं तो बंद केला, पुन्हा वाजला. भावोजींनी लेन्स फिरवली, ती कर्रकर्र वाजली. "हलू नका, भावोजी!" "हललो कुठे? खुर्ची हलली." "शांतता!" नवरा इतक्या जोरात म्हणाला की खालच्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला.

या गोंधळात स्वयंपाकघराचं दार उघडलं ते कुणाला कळलं नाही. नातीनं तेवढं मान वळवून पाहिलं. आजी भिंतीच्या कडेनं अनवाणी चालत होती, हातात कप. आजीनं ओठांवर बोट ठेवलं. नातीनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं.

बराच वेळ गेला.

"अगं, ये की आता बाहेर!" नवरा स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडला. "आत काय झोपलीस?"

"आलेय."

आवाज मागून, भावोजींच्या अगदी कानाजवळून आला. ते असे दचकले की कॅमेऱ्यानं आपोआप पंख्याचा फोटो काढला. वन्संनी "अगंबाई!" म्हणून छाती धरली. नात हसून हसून खुर्चीवरून घसरली.

"हे काही खरं नव्हे, वहिनी," भावोजी म्हणाले. "न सांगता कसं यायचं?"

"बिबट्या सांगून येतो वाटतं?"

नवऱ्यानं कपाकडे पाहिलं. मग तो ओशाळं हसला. "बरं बाई, जमतं तुला गप्प बसायला. दाखवलंस. आता काहीतरी बघू. भावोजींनी मुद्दाम लेन्स घेतलीय, पण..."

"मी काही दाखवायला आले नव्हते," घोषणाबाई म्हणाल्या. "चहा प्यायला आले होते. इथे उभं राहून गाणं म्हटलं असतं तरी ती जागा माझीच होती. परीक्षा मी द्यायची आणि सहल तुम्ही करायची, हे कुणी ठरवलं?"

आता खरीखुरी शांतता झाली होती. त्यांनी उरलेला चहा पिऊन टाकला, कप टेबलावर ठेवला. पहिल्यांदाच कप वाजला. मग त्या नेहमीच्या, पहिल्या गाडीच्या आवाजात बोलल्या. चढवून नाही, उतरवून नाही.

"जीपमध्ये सहा जागा आहेत. कडेची माझी. उरलेल्या पाचांत तुम्ही सहाजण कसे बसणार ते आपसात ठरवा. भावोजी, उठा."