दूर्वांशेजारची कुंडी

मैत्रिणीने अमेरिकेहून पाकिटातून लाँगलीफ पाइनच्या बिया पाठवल्या, तेव्हा मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. बारांतली एकच रुजली. नारायण पेठेतल्या आमच्या गॅलरीत सासऱ्यांच्या दूर्वांशेजारी मी तिची कुंडी ठेवली. दुसऱ्या दिवसापासून तिला पाणी घालायचं काम त्यांनी मला न विचारता स्वतःकडे घेतलं.

दोन वर्षं झाली तरी कुंडीत नुसता गवताचा झुबका. "अगं, झाड म्हणतात ते हेच का?" ते रोज विचारत. मी रोज सांगे, याचं रान मोकळं, उन्हाचं, खाली गुडघाभर गवत. त्या गवतातून अधूनमधून वणवा फिरतो म्हणून रान टिकतं, नाहीतर दुसरी झाडं माजून याचं ऊन अडवतात. रोप काही वर्षं असंच बसून राहतं, मूळ खोल नेतं आणि मग एकदम उभं राहतं. "माझ्यादेखत उठायला सांग त्याला," ते म्हणत. थट्टेतच म्हणत, पण त्यांना ते खरंच पाहायचं होतं.

त्यांचा मोतीबिंदू पिकला होता. तरी संकष्टीच्या दूर्वा स्वतःच खुडायच्या हा हट्ट. बोटांनी चाचपून तीन पाती लागली की खुडायचं. पाइनची सुयांसारखी पानंही तीन-तीनच्या जुडग्याने येतात, हे सांगायचं माझ्याकडून राहिलं होतं. त्या सकाळी देवघरात पाहते तर गणपतीच्या डोक्यावर माझा पाइन!

"अहो मामंजी, काय केलंत हे!" मी ओरडले. त्या दिवशी उपासाच्या खिचडीलाही ते शिवले नाहीत. मला माझ्या रागाची फार लाज वाटली.

संध्याकाळी त्यांचं बोट धरून मी बोडक्या रोपाच्या मधल्या कोंबावर ठेवलं. "वणव्यात सुया जळतात, पण हा कोंब वाचला की पुन्हा फुटतात."

"म्हणजे मी वणवा," ते म्हणाले.

महिन्याभराने त्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर घरी आले ते चपलांसकट गॅलरीत. कोंबाभोवती कोवळ्या सुया आल्या होत्या. त्यांनी वाकून एका जुडग्यातल्या सुया मोजल्या.

"तीनच आहेत गं. माझं मोजणं काही चुकलं नव्हतं."

मग त्यांनी दूर्वांची कुंडी मला दुसऱ्या टोकाला न्यायला लावली आणि खुर्ची ओढून पाइनपाशी बसले.

"घाई करू नको म्हणावं त्याला. मी थांबतो."