सगळ्यात जास्त खपाचं पुस्तक

मस्तगडला माझे ब्लाउज शिवणाऱ्या एक ताई आहेत. त्या ओठ हलवत वाचतात, एखादं वाक्य आवडलं की मशीन थांबवून ते परत वाचतात आणि खूण म्हणून पुस्तकात मापाची टेप ठेवतात. मी शिक्षिका. सगळ्यात जास्त खपाच्या पुस्तकांची यादी बघून पुस्तकं मागवते आणि न वाचताच त्यांच्यावर बोलते.

यादीत पहिली आलेली कादंबरी मी त्यांना मोठ्या तोऱ्यात वाचायला दिली. "शेवट वाचून मी रडलेच," असंही सांगितलं.

पुढच्या आठवड्यात ब्लाउज घ्यायला गेले, तर त्यांनी पुस्तक पुढं केलं. "मॅडम, शेवटची आठ पानं एकमेकांना जोडलेलीच होती. कात्रीनं बराबर सुटी केली मी."

माझं तोंड एवढंसं झालं. "यादीत पहिली आहे हो ती," मी उगाच म्हणाले.

"आसंल. मला न्हाई माहीत. पुस्तक झकास हाय पण."

तेवढ्यात दुकानात माझ्या शाळेतल्या एक बाई आल्या. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून ताई माझ्याकडं वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "शेवटी कोणी रडत न्हाई, मॅडम. सगळे हसून राह्यलेत."